पेन्सिलीचे दहा गुण

एका पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नाही. ते हरवलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्या हातून कागद हरवत नाहीत. मोरिवलीच्या एका रंगांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं रेकॉर्ड क्लार्क होतो. कागद सांभाळणं एवढंच मला येतं. ते पत्र मी जाड शब्दकोशात ठेवलं होतं. एखादा शब्द पाहायला कोश उघडला की ते दिसायचं, आणि मी शब्द न पाहताच कोश मिटायचो.

पत्र सप्टेंबर १९८७ मधलं. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो आणि घरी बसून करायचं काम म्हणून एका पत्रशाळेचे पेपर तपासायला घेतले होते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, एका लहान चर्चच्या मागच्या खोलीत ही 'पहाट पत्रशाळा' चालायची. कोणीही एक कार्ड टाकावं. ख्रिस्ती श्रद्धेवरचे बारा धडे एकेक करून पोस्टाने घरी यायचे, फुकट. धडा वाचायचा, शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं लिहायची, पेपर परत पाठवायचा. आम्ही परीक्षक तो लाल शाईने तपासून लिहिणाऱ्याला परत धाडायचो. शंभरपैकी साठ पडले की पुढचा धडा. बाराही धडे झाले की सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. परीक्षकाचं नाव विद्यार्थ्याला कळू द्यायचं नाही असा नियम होता. प्रत्येकाला नंबर होता. मी परीक्षक क्रमांक सात.

हा नियम मला फार आवडायचा.

बदलापूरच्या टोकाला असलेल्या खरवईहून अंजना भीमराव अहिरे या नावाने पेपर यायचे. तिने कार्डावर लिहिलं होतं: वय बावीस, शिक्षण सातवी, शाळा सुटली. पहिल्या पेपरात ओळीगणिक तीन चुका होत्या. शुद्धलेखन तपासणं हे माझं काम नव्हतं, पण मला राहवेना. मी समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या लिहायचो, कधी एखाद्या शब्दाचा अर्थ, कधी वाक्य कसं सरळ करावं ते. पाचव्या धड्यापर्यंत चुका निम्म्याने कमी झाल्या. गठ्ठा आला की मी आधी तिचा पेपर शोधायला लागलो. तिची उत्तरं धड्यातली नसायची. धडा वाचून ती त्याच्याशी भांडायची आणि मग उत्तर लिहायची.

नववा धडा होता कृपेवर. त्यातला चौथा प्रश्न: कृपा म्हणजे काय? परीक्षकांसाठी छापलेल्या उत्तरसूचीत उत्तर होतं, 'मनुष्याची लायकी नसताना देवाने त्याला दिलेले दान.' 'लायकी नसताना' या शब्दांखाली रेघ, आणि पुढे सूचना: हे शब्द नसल्यास गुण देऊ नयेत. अंजनाने लिहिलं होतं, 'कृपा म्हणजे, घेणाऱ्याला खाली न बसवता जे मिळतं ते.'

मी ते वाक्य वाचलं आणि उठून गॅलरीत गेलो. परत येऊन वाचलं. मग समासात दहापैकी दहा लिहिले. पेन्सिलीने. दोन दिवस तो पेपर टेबलावर तसाच होता. मी त्याच्याभोवती फेऱ्या मारत होतो. कोणी तपासलं तर काय म्हणेल? सूचीतला शब्द नाही, आणि हा सात नंबर दहा गुण देतो? तिसऱ्या दिवशी मी दहा खोडून टाकले, लाल शाईने शून्य काढलं आणि खाली सूचीतलं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवलं. एकूण गुण अठ्ठावन्न. नापास. मला कोणीही तसं करायला सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी पत्र आलं.

'परीक्षक क्रमांक सात यांस, जयभीम. धडा नववा मिळाला. दोन मार्कांनी गेला. त्याचं वाईट वाटलं, पण मी त्यासाठी लिहीत नाही. तुमच्या लाल शून्याखाली पेन्सिलीचे दहा आहेत. खोडलेत, पण उजेडात धरलं की दिसतात. आधी का दिले आणि मग का काढले?

'माझी आजी गावाला पाटलाच्या दारात भाकरी मागायला जायची. लांब बसायची. अंगाला अंग लागू नये म्हणून ते वरून पदरात टाकायचे. आजी म्हणायची, धन्याची कृपा. तिला काय लायकी नसताना मिळायचं का? ती त्यांचं अख्खं गाव झाडायची. आमच्या घरात हा शब्द छप्पन सालापासून बंद आहे. तुमचा धडा वाचला तेव्हा वाटलं की हे काही वेगळं असेल. म्हणून मी मला वाटला तो अर्थ लिहिला.

'मला एवढंच सांगा. तुमचा देव वरून टाकतो का शेजारी येऊन बसतो? आणि तुम्ही स्वतः का मानता? पुस्तकातलं नको, ते माझ्याकडे आलेलं आहे. तुमचं सांगा. अंजना.'

अशी पत्रं व्यवस्थापकांकडे द्यायची पद्धत होती. त्यांच्याकडे शंकांची छापील उत्तरं असायची. मी पत्र दिलं नाही. खिशात घालून घरी आणलं. त्यामुळे तिला छापील उत्तरसुद्धा मिळालं नाही.

उत्तर मला येत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. उत्तर येत होतं, पण ते द्यायचं तर मी कोण आहे ते सांगावं लागलं असतं. माझी आजी विठा नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या महारवाड्यात अशीच पदर पसरून भाकरी घेत असे. माझ्या आजोबांनी एका दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. अंजनाच्या घरच्यांनी ज्या वर्षी बौद्ध होऊन मान वर केली त्याच वर्षी, छप्पन साली, मी कारखान्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात फोरमनने विचारलं, 'आढाव, ख्रिश्चन म्हणजे वसईचे का?' मी होकारार्थी मान हलवली. वसईच्या जुन्या बागायतदार ख्रिस्त्यांना कोणी महारवाडा विचारत नाही. त्या एका मान हलवण्यावर एकतीस वर्षं निघाली, आणि मग ती तशीच हलत राहिली, शेजाऱ्यांसमोर, चर्चमधल्या नव्या लोकांसमोर.

माझी बायको सुनेत्रा नगरकडचीच, अशाच वस्तीतली, पण ती वेगळी. ती म्हणते, 'मला कोणी विचारत नाही, कारण मी आधीच सांगून टाकते.'

१९९५च्या नोव्हेंबरमध्ये पत्रशाळा बंद झाली. घरोघरी केबल आली होती, कार्डं येईनाशी झाली होती. व्यवस्थापक हिंदुराव गोर्डे यांनी जुने गठ्ठे आवरायला मला बोलावलं. हिंदुराव उंच, मोठ्या आवाजाचे, स्वतःच्या नावावर स्वतःच हसणारे. 'ख्रिस्ती हिंदुराव! दोन्हीकडचे लोक माझ्याकडे संशयाने बघतात,' असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायचे.

शेजारचा सिंधी रद्दीवाला दारात काटा लावून बसला होता. 'साईं, चिकना कागज अलग रखो,' असं तो मधून मधून ओरडत होता. मी जुनं रजिस्टर चाळत होतो. चाळत नव्हतो, एक पान शोधत होतो. सापडलं. 'अहिरे अंजना. धडा ९. गुण ५८. पत्रव्यवहार बंद.'

मी विचारलं, 'हिंदुरावजी, एखाद्या परीक्षकाने उत्तरसूची सोडून गुण दिले असते तर?'

'कोणती सूची?'

'अहो, आपली. ती रेघा मारलेल्या शब्दांची.'

'ती होय! ती पुण्याहून छापून आली, मी तुम्हाला वाटली, संपलं. मी आयुष्यात उघडली असेल तर शपथ. दहा दिले काय अन् वीस दिले काय, कोण बघत होतं आढाव? माणसं वाचतायत, लिहितायत, एवढं पुष्कळ.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'का हो? कुणाला कापलं का तुम्ही?'

मी एका गठ्ठ्यावर बसलो. आठ वर्षं मी ज्या माणसाला भीत होतो तो माणूस कुठे नव्हताच.

निघताना हिंदुरावांनी उरलेली कोरी प्रमाणपत्रं माझ्या हातात दिली. 'कुणाचं राहिलं असेल तर देऊन टाका. रद्दीत घालायला जीव होत नाही.'

तिथेच मला ती कल्पना सुचली, आणि सुचल्यावर इतकं हलकं वाटलं की अंबरनाथला घरी कसा पोचलो ते कळलं नाही. टेबलाशी बसून चांगल्या बोरूने मी अंजनाचं नाव लिहिलं. 'सर्व धडे यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल.'

सुनेत्राने खांद्यावरून पाहिलं. 'हे काय?'

'एका विद्यार्थिनीचं राहिलं होतं.'

'राहिलं होतं, का तुम्ही राहू दिलं होतं?' तिला पत्राचं माहीत होतं. कोश तीही उघडते.

खरवईत आता जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. जुनं गाव त्यांच्या मागे दडलं होतं. अहिऱ्यांचं घर विचारलं तर एका दुकानदाराने 'बालवाडीवाल्या बाई का?' म्हणून गल्ली दाखवली. ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती. ती अंजनाची आई, भिमाबाई.

'कोन पायजे?'

'अंजनाताई अहिरे इथंच राहतात ना?'

'लाइटवाले का तुमी? बिल भरलंय आमी.'

'नाही, मी... ते धडे यायचे ना पोस्टाने. पूर्वी.'

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, 'अगं अंजे, येशूवाला आलाय बग!'

आतून खडूने पांढऱ्या झालेल्या हातांची, तिशीची एक बाई बाहेर आली. मुलं नुकतीच गेली असावीत. खोलीभर पाट्या पसरल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. मी नंबर सांगितला. नाव नाही, नंबर. तोंडाला तोच आला.

'परीक्षक सात?' ती इतकी मोठ्याने हसली की म्हातारी दचकली. 'अय्या! मला वाटायचं तुम्ही बाई असाल. अक्षर बायकी आहे तुमचं. बसा, बसा सर.'

तिने ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिचे नऊही पेपर त्यात होते. 'मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाले सर. हे समासातलं सगळं पाठ केलं होतं मी. निबंध त्याच्यावर निघाला माझा. आई, हे बघ, हेच ते लाल पेनवाले.'

मला काय करावं ते कळेना. अशा कौतुकाची मला सवय नाही. ते थांबावं म्हणून मी घाईघाईने प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे धरलं.

तिने वाचलं, खालच्या सहीतलं 'आढाव' मोठ्याने. हसू हळूहळू गेलं.

'काय हाय?' भिमाबाईने विचारलं. 'सरकारी हाय का?'

'नाही गं. मला दोन मार्क माफ केलेत. आठ वर्षांनी.'

'मंग घे की. फुकट हाय न्हवं?'

'फुकट आहे म्हणूनच तर,' अंजना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. 'सर, शेवटचे तीन धडे मी केलेच नाहीत. हे कशाचं आहे?'

'ते... कृपा समजा,' मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि माझे कान तापले.

तिला राग आला नव्हता. आला असता तर सोपं झालं असतं. तिने प्रमाणपत्राची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात परत दिली. 'हे वरून टाकणं झालं, सर. माझं पत्र मिळालं होतं का?'

'मिळालं होतं.'

'मग?'

मी बोलायला लागलो. सृष्टीतली व्यवस्था, मग साक्षीदार, ज्यांनी रिकामी कबर पाहिली आणि जिवावर बेतलं तरी शब्द फिरवला नाही, मग—

'थांबा, थांबा. हे अकराव्या धड्यात होतं का?'

'सातव्यात.'

'बघा! म्हणजे मी वाचलंय.' ती पुन्हा हसली, पण डोळे हसत नव्हते. 'तोंडाने नको, सर. तोंडाने तुम्ही सभेत बोलल्यासारखं बोलता. लिहून पाठवा. लिहिताना तुम्ही बरे असता.' तिने पिशवीतून नववा पेपर काढला. 'आणि हा घेऊन जा. उत्तराबरोबर परत पाठवायचा. नाहीतर आणखी आठ वर्षं जातील. माझी वस्तू तुमच्याकडे राहिली तर झोप येणार नाही तुम्हाला. तुमचा स्वभाव कळलाय मला तुमच्या अक्षरावरून.'

मी उठलो. ओट्यावर भिमाबाईने विचारलं, 'तुमी कुठलं म्हनायचं?'

'वसईकडचे.'

मी विचार करून बोललो नाही. ते आपोआप आलं. टीसी दिसला की रेल्वेचा पास पुढे करावा तसं.

भिमाबाईने माझं तोंड निरखून पाहिलं. 'आडाव म्हनाली न्हवं पोरगी, त्या नळीवर नाव वाचून?' नळी म्हणजे प्रमाणपत्राची गुंडाळी. खाली मी परीक्षक म्हणून सही केली होती. 'वसईला आडाव असत्यात व्हय?' मग तीच म्हणाली, 'आसत्याल. आता समदी समदीकडं असत्यात.' तिने सोललेले वाल दोन्ही हातांत घेतले. मी पिशवी उघडली, पण तिने पिशवीकडे पाहिलंच नाही. माझी ओंजळ धरली आणि तिच्यात वाल घातले. तिची बोटं खरखरीत आणि ओली होती. 'बायकोला सांगा, कालवन करायला.'

घरी सुनेत्रा कणीक मळत होती.

'दिलं?'

'नाही घेतलं तिने.'

'शहाणी आहे.'

'आणि तिच्या आईने विचारलं कुठले, तर मी वसई म्हणालो.'

सुनेत्राचे हात थांबले. 'परत?'

'तोंडातून निघालं.'

'चाळीस वर्षं वसई वसई! खरोखर तिथं राहिला असता तर निदान केळी तरी मिळाली असती.' ती पुन्हा मळायला लागली, पण जरा जोरात. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, 'तुमच्या आजीला कसं वाटत असेल हो?'

त्यानंतरचे पंधरा दिवस मला बसवेना आणि उभंही राहवेना. सकाळी टेबलाशी बसायचो, अकरा वाजता उठून चालायला लागायचो. कधी कारखान्यांच्या बाजूने, जिथे एकतीस वर्षांचा तो आंबट वास अजून तसाच आहे. कधी पालेगावच्या रस्त्याने, नव्या इमारतींसाठी खणलेल्या पायांच्या कडेकडेने. चालताना वाक्यं जुळायची, घरी येईपर्यंत पुसट व्हायची. पहिला खर्डा आठ पानांचा झाला. देव आहे याची कारणं, येशू उठला याची कारणं, कृपेच्या तीन व्याख्या. सुनेत्राला वाचायला दिला.

'छान आहे,' ती म्हणाली. 'कोणी लिहिलाय?'

मी तो फाडला. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. ती सगळी कारणं मला पटतात. पण त्यातल्या एकाही कारणाने मी सकाळी उठून गुडघे टेकत नाही. मग मला वेगळीच भीती वाटायला लागली. ती कारणं काढून टाकली तर उरतं काय? दुष्काळातली भाकरी? गावात आम्हाला तसंच म्हणायचे, भाकरीचे ख्रिस्ती. मी सबंध आयुष्य पुस्तकं जमवली ती त्या भाकरीवर झाकण ठेवायला, असं तर नव्हतं? एका दुपारी पालेगावच्या वाटेवर मी मध्येच थांबलो आणि स्वतःला सरळ विचारलं: जयदेव, तू मानतोस का? उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा ते उत्तर नव्हतंच. एक भांडं होतं, जमिनीवर ठेवलेलं.

मी घरी आलो, चपला न काढता बसलो आणि लिहिलं.

'अंजनाताई, जयभीम, आणि आम्हा ख्रिस्त्यांचा सलाम.

'तुमच्या पत्राला आठ वर्षं उशीर झाला. पत्र हरवलं नव्हतं. मी ते लपवलं होतं. पेन्सिलीचे दहा मी दिले कारण तुमचं उत्तर बरोबर होतं. खोडले कारण मी भ्यालो. ज्यांना भ्यालो त्यांनी तो पेपर कधी पाहिलाही नसता, हे मला आता कळलं. त्या दिवशी आईंना मी वसईचा म्हणून सांगितलं, तेही भिऊनच. मी वसईचा नाही. नेवाशाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातला आहे. माझी आजी विठा तुमच्या आजीसारखीच पदर पसरायची. बहुतेक आईंनी ते ओळखलं असावं.

'मी का मानतो ते विचारलंत. मी सात वर्षांचा असेन. आमच्या खेड्यात एक कौलारू खोली हेच चर्च होतं. प्रभुभोजन होतं, म्हणजे एकाच पेल्यातून सगळे ओळीने एकेक घोट घेतात. पाटलांच्या भावकीतल्या दौलतरावांनी महिन्यापूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. घरच्यांनी त्यांना बाहेर काढलं होतं, तरी तो माणूस आमच्या खोलीत एका बाजूला, जरा अंतर ठेवूनच बसायचा. त्या दिवशी ओळीत आजीच्या नंतर त्यांचा नंबर आला. आजी घोट प्यायली. मग तिने पदराने पेल्याची कड पुसली, पुन्हा पुसली, आणि पेला त्यांच्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवून चार पावलं मागे सरकली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. जन्मभर तेच केलं होतं. तिच्या हातचं त्यांच्या हाताला लागू नये म्हणून.

'दौलतरावांनी पेला उचलला नाही. ते पेल्यापाशी जमिनीवर बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "विठाबाई, हातात द्या." आजी हलेना. दौलतरावांनाही ते सोपं नसणार. ज्या घरातून भाकरी वरून पडायची त्या घरातला तो हात होता. तो तसाच पसरलेला राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही. मग आजी पुढे आली, बसली, पेला उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. ते प्यायले. कड न पुसता.

'कोणी कोणावर कृपा केली ते मला आजही सांगता येत नाही. ती नेहमी घेणारी, त्या दिवशी देत होती. ते नेहमी देणारे, त्या दिवशी हात पसरून बसले होते. दोघांतलं कोणीच वर नव्हतं. आणि मला, सात वर्षांच्या मुलाला, असं स्पष्ट वाटलं की त्या दोघांच्या मध्ये आणखी कोणीतरी जमिनीवर बसलेलं आहे. तेवढंच माझं कारण आहे. बाकीची मी नंतर पुस्तकांतून जमवली. मला ती आवडतात, पण मी त्यांच्यावर उभा नाही.

'पुढे मी शास्त्रात, म्हणजे बायबलात, वाचलं की मरणाच्या आदल्या संध्याकाळी येशूने खाली बसून आपल्या माणसांचे पाय धुतले, आणि त्यातला एक लाजून नको म्हणाला. मला आजी आठवली. वाचलं की त्याला मारलं ते गावाच्या वेशीबाहेर नेऊन. मला आमची वस्ती आठवली. मला वाटतं देव तिथे आमच्यावर उपकार करायला आला नव्हता. तो तिथलाच झाला. सूचीतला "लायकी नसताना" हा शब्द ज्याने लिहिला त्याला बहुधा स्वतःबद्दल म्हणायचं होतं. माझ्याबद्दल मी तो म्हणू शकतो. तुमचे दहा गुण खोडणाऱ्याची लायकी मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याला तो शब्द ऐकवायचा अधिकार कोणालाच नाही, आणि तुमच्या आजीला तर मुळीच नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: शेजारी येऊन बसतो. पुष्कळदा तो हात पुढे करून थांबतो आणि आपणच चार पावलं मागे उभे असतो. मी तर साठ वर्षं उभा आहे.

'आजोबा भाकरीसाठी ख्रिस्ती झाले असं लोक म्हणायचे. झाले असतील. भुकेल्या माणसाने भाकरी घेतली याची लाज मला का वाटत आली, ते कळत नाही. आईंनी ओंजळीत घातलेल्या वालांचं कालवण फार चांगलं झालं.

'तुम्ही ख्रिस्ती व्हावं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या घराने मान वर केली तेव्हा मी खाली घातली होती. तुम्हाला वाट दाखवणारा मी कोण? पण तुम्ही विचारलंत, आणि मी मानतो, आणि हे खरं आहे. काही दिवस कमी मानतो. आज मानतो.

'नववा पेपर सोबत आहे. त्यावर मी नवीन काही लिहिलेलं नाही. तो पेन्सिलीचा ठसा तसाच राहू द्यावा. तो तुमचा नाही, माझा निकाल आहे.'

खाली नंबर घालायला हात गेला होता. मी थांबलो, आणि पूर्ण नाव लिहिलं, जयदेव यशवंत आढाव, आणि त्याखाली गावाचं नाव.

सुनेत्राने वाचलं. नाकाला पदर लावून आत गेली, मग पायांत चपला घालून पिशवी घेऊन आली. 'चला. मला भाजी आणायचीच आहे.'

नाक्यावर पेटीपाशी आल्यावर मी पाकीट पुन्हा उजेडात धरलं. पत्ता बरोबर होता. तिकिटं नीट चिकटली होती. 'वसई'चं ते वाक्य जरा वेगळं लिहायला हवं होतं का, असं वाटायला लागलं. चर्चचे पाळक काय म्हणतील, शेजारी कळलं तर काय, आणि मुळात त्या दिवशी खोलीत खरंच कोणी बसलं होतं का, का सात वर्षांच्या मुलाला—

'टाका की,' सुनेत्रा म्हणाली. 'का मी नेऊन देऊ तिच्या हातात?'

मी पाकीट आत सोडलं. तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला. तरी मी दोन बोटं फटीत घालून पाहिली. हाताला काही लागलं नाही.